फॉल-पिको करून मिळेल

झाडाचं पान पिकतं आणि गळतं, या घटनेला तिकीट लावता येईल हे आमच्या पिढीत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या वाड्यात पान पिकलं की गळायचं, गळलं की केरात जायचं, आणि वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं तर दोन दिवस बोलणं बंद व्हायचं. पानाचा आर्थिक आणि सामाजिक व्यवहार तिथे संपत असे. अमेरिकेतली गोष्ट वेगळी. तिथे मेपलच्या पानानं नुसतं लाल व्हायचं मनात आणलं, की व्हरमाँटमधला हॉटेलवाला खोलीचा भाव वाढवून ठेवतो. आणि तो वाढीव भाव आपल्यालाच देता यावा म्हणून माणसं फेब्रुवारीपासून धडपडत असतात. त्या माणसांत आमचे जावईबापू आहेत. माझं भांडण पानांशी नाही. पानं फार सुरेख असतात. भांडण आहे ते फेब्रुवारीशी.

प्रकरण मुळापासून सांगितलं पाहिजे. शरद ऋतूला अमेरिकेत 'फॉल' म्हणतात. "आई, ऑक्टोबरात या, फॉल बघायला व्हरमाँटला जाऊ," असं लेकीनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा आमची ही म्हणाली, "अगं, फॉलसाठी एवढ्या लांब कशाला? इथे कोपऱ्यावरची बाई दोन दिवसांत लावून देते." मग जावयांनी फोन घेतला आणि गंभीरपणे सांगितलं, की नेमकं कधी निघायचं ते 'पीक' बघून ठरवावं लागेल. फॉलच्या मागोमाग पीक ऐकल्यावर हिची उरलीसुरली शंका फिटली. तेव्हापासून आमच्या घरात या सहलीला 'फॉल-पिको' हेच नाव आहे. जावयांचं पीक म्हणजे डोंगरावरचा रंग ऐन भरात येण्याचा आठवडा. मला स्वतःला पीक म्हटलं की ज्वारी आठवते, पण त्याबद्दल पुढे.

आमचे जावई गुणी आहेत. हे आधीच लिहून ठेवतो, कारण हा लेख कोणीतरी त्यांना पाठवणार. ते न्यू जर्सीत, एडिसनला राहतात. घरावर कर्ज आहे, दोन मुलं आहेत, वर्षाला पंधरा दिवस रजा आहे. म्हणजे आपल्यासारखाच मध्यमवर्गीय माणूस, फक्त डॉलरमधला. फेब्रुवारीत बाहेर गुडघाभर बर्फ साचलेलं असताना हा माणूस संगणकावर एक तक्ता उघडतो. पहिल्या रकान्यात हॉटेलं, दुसऱ्यात मैल, तिसऱ्यात मागच्या काही वर्षांत कोणत्या आठवड्यात कोणत्या डोंगरावर किती रंग होता त्याची नोंद. एका रकान्याचं नाव 'पर्यायी बेत' असं आहे आणि तो कायम रिकामा असतो. मी अडतीस वर्षं बँकेत काढली, पण झाडांचा एवढा चोख ताळेबंद आमच्या मुख्य कचेरीतही निघाला नसता. आठवडाभर खपून शेवटी तारीख निघते, आणि ती दर वर्षी एकच निघते: ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणारे शनिवार-रविवार. त्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते. कुठे तिला कोलंबसाचा दिवस म्हणतात, तर व्हरमाँट आणि मेनसारख्या राज्यांत तिथल्या मूळ रहिवाशांचा. म्हणजे सगळे रकाने भरून जे उत्तर येतं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल अक्षरांत आधीच छापलेलं असतं. पानांच्या आधी कॅलेंडर लाल होतं.

आणि हेच उत्तर बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंतच्या प्रत्येक जावयाच्या तक्त्यात निघालेलं असतं.

पहिल्या खेपेला या मुहूर्तावर आम्ही गेलो. दोन रात्रींचे सातशे डॉलर फेब्रुवारीतच भरलेले, आणि ते काही झालं तरी परत मिळणार नव्हते. मी हॉटेलचं नाव सांगत नाही. त्याचा दोष एवढाच की त्याला गिऱ्हाईक कळत होतं. एडिसनहून ते गाव पावणेतीनशे मैलांच्या आसपास. एरवी पाच तासांचा रस्ता आम्ही आठ तासांत कापला. गावात एकच मुख्य रस्ता. त्या रस्त्यावर गाड्यांची एक रांग होती, कॉफीच्या दुकानात माणसांची एक, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहापाशी जी होती ती पाहून हिला आपल्याकडच्या रॉकेलच्या दिवसांची आठवण झाली. दोन नातवंडांपैकी धाकट्याला त्या रांगेत उभं राहायला वेळ नव्हता. पुढचं सांगत नाही.

आणि पीक? डोंगराच्या माथ्यावरची पानं गळून गेली होती आणि पायथ्याची अजून हिरवी होती. मधे एक पट्टा होता, सुरेख होता, पण तो पाहायला गाडी थांबवायची तर मागचा भोंगा वाजवायचा. हॉटेलातल्या बाईंनी फार गोड हसून सांगितलं, "तुम्ही गेल्या आठवड्यात यायला हवं होतं." संध्याकाळी पेट्रोल पंपावरचा माणूस तितक्याच आपुलकीनं म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या, मग बघा!" पीक या गोष्टीची हीच खोड आहे. ते नेहमी गेल्या किंवा पुढच्या आठवड्यात असतं.

यात दैवाला बोल लावण्यासारखं काही नाही, कारण झाडाचं सगळं काम नियमानं चालतं. पानातला पिवळा रंग नवा नसतो. तो वसंतापासून तिथेच असतो, वर हरितद्रव्याचा हात दिलेला असतो म्हणून दिसत नाही. रात्री मोठ्या होऊ लागल्या की झाड नवं हरितद्रव्य करणं थांबवतं, असलेलं मोडीत काढतं, आणि जुन्या वाड्याच्या भिंतीचा पोपडा उडून आजोबांच्या वेळचा रंग दिसावा तसा खालचा पिवळा दिसू लागतो. त्याच सुमाराला देठाशी पेशींचं बूच बसू लागतं आणि पानातली साखर पानातच अडकते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण पाणी गोठण्याइतका नव्हे, असे दिवस लागोपाठ मिळाले की त्या साखरेच्या जोरावर लाल रंग तयार होतो. हा लाल मात्र ताजा, त्याच मोसमात केलेला. रात्र कधी किती मोठी हे पंचांगावरून कळतं, म्हणून रंग साधारण कधी येईल ते सांगता येतं. पण लाल किती चढेल आणि पानं किती दिवस टिकतील, हे त्या वर्षीचा पाऊस, सप्टेंबरातलं ऊन आणि रात्रीची थंडी ठरवते. सप्टेंबरातल्या थंडीवर फेब्रुवारीत सातशे डॉलर लावणं याला आमच्या बँकेत सट्टा म्हणत, आणि असल्या कामासाठी कर्ज मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही चहासुद्धा विचारत नसू.

व्हरमाँटवर माझा राग नाही, उलट त्या राज्याबद्दल आदर आहे. रस्त्याच्या कडेला जाहिरातींचे फलक लावायला त्यांनी १९६८ साली कायद्यानं बंदी घातली, आणि शेकडो मैल गेलं तरी एकही टूथपेस्ट दात विचकून दाखवत नाही. गर्दीचा जाच मूळ रहिवाशांना किती होतो याची गोष्ट तर पोम्फ्रेट नावाच्या गावानं जगापुढे आणली. तिथल्या क्लाउडलँड रोडवर एक खासगी शेतघर आहे. त्याची छायाचित्रं फोनवरून इतकी फिरली, की शरदात त्या अरुंद कच्च्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागू लागली. गाड्या चरात रुतायच्या, माणसं दुसऱ्याच्या आवारात शिरून फोटो काढायची. शेवटी २०२३ साली गावानं ऐन मोसमात तीनेक आठवडे तो रस्ता बाहेरच्यांना चक्क बंद केला. आपल्या दारातलं झाड लाल झालं म्हणून पोलीस बोलवावे लागणं, हे सौंदर्याचं टोक झालं.

यावर कोणी विचारील, की तुम्हाला फुकटात नेलं, आणलं, खाऊपिऊ घातलं, मग तुमचं गेलं काय? इथेच खरी मेख आहे. अमेरिकेत पोचलेल्या प्रत्येक मराठी आईबापांना विमानतळावरच एक गुरुमंत्र मिळतो: "रुपयांत गुणू नका हो बाबा!" आम्हीही तो मुकाट्यानं ऐकला. पण मला एकदा जाहीरपणे सांगू द्या, की गुणाकार हा काही आजार नाही. डॉलर नव्वदीच्या घरात गेलेला आहे. सातशे डॉलर म्हणजे त्रेसष्ट हजार रुपये. एवढ्यात आमच्या सोसायटीतलं एखादं जोडपं काशी-अयोध्या करून येतं आणि वर घरोघर गंगेचे गडू वाटतं. बरं, गुणाकार सोडून देऊ. डॉलरमध्येही सातशे म्हणजे सातशेच. पाळणाघराचा हप्ता, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता भरून उरलेल्यातले सातशे. ते कोणासाठी? आमच्यासाठी! एका वर्षी आम्ही, एका वर्षी त्यांचे आई-वडील. "आई-बाबा आलेत, त्यांना फॉल दाखवायला हवा," या एका वाक्यापायी हा भला माणूस दर वर्षी आठ-आठ तास चाकामागे बसतो. आम्ही मागच्या सीटवरून "वा, वा! काय रंग आहेत!" म्हणत राहतो, कारण न म्हणावं तर त्याला वाईट वाटेल. तो पुढून "दमला नाहीत ना?" विचारत राहतो, कारण न विचारावं तर आम्हाला. सगळ्या गाडीत खरोखर मजेत असलेला माणूस एकच, धाकटा नातू, आणि तोही झोपलेला असतो म्हणून. मला गुणू देत नाहीत त्याचं कारण रुपयांतला आकडा नाही. गुणाकार करताना मूळचा आकडाही एकदा मोठ्यानं म्हणावा लागतो, तो कोणालाच ऐकायचा नसतो.

यंदा तर कमाल झाली. तक्त्यात यंदा अकेडिया आलं आहे. मेन राज्यात समुद्रकाठी असलेलं हे राष्ट्रीय उद्यान, डोंगर आणि समुद्र आणि रंग एकाच ठिकाणी, स्थळ खरोखर नामी आहे. पण २०२६ च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारनं नियम केला आहे, की परदेशातून आलेल्या सोळा वर्षांवरच्या पाहुण्यांनी अकेडिया धरून अकरा राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय दरडोई शंभर डॉलर जादा भरायचे. तिथे राहणाऱ्यांना हे लागू नाही, म्हणजे लेक-जावई सुटले. आम्ही दोघं पाहुणे: दोनशे डॉलर. आता मी गुणू की नको? आपल्याकडे सूनमुख पाहताना सासू अंगावरचा दागिना उतरवून देते, मान्य. पण ती सून पुढे जन्मभर घरात असते. हे पान आठ दिवसांत गळणार!

तेव्हा नुसतं भांडून उपयोग नाही, पर्याय सांगायला हवा. माझा पर्याय असा, की ज्याच्या खिशाला मर्यादा आहेत त्यानं पानांच्या मागे जाऊ नये, पानांना येऊ द्यावं. रंग एका जागी मुक्काम करत नाही. सप्टेंबरच्या अखेरीला तो कॅनडाच्या सरहद्दीजवळच्या उंच माथ्यांवरून निघतो. मग रोज थोडा दक्षिणेकडे, थोडा उताराकडे असं करत ऑक्टोबरच्या मध्याला व्हरमाँटच्या दक्षिण टोकाला आणि मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरांत, महिन्याच्या उत्तरार्धात न्यू जर्सीच्या उत्तरेला, आणि ऑक्टोबर संपता संपता खुद्द एडिसनमध्ये, लेकीच्या घरासमोरच्या फुटपाथवर. ही पालखी आहे हो! आळंदीहून निघालेली पालखी आपल्या गावावरून कधी जाणार हे ठाऊक असलेला माणूस दारात रांगोळी काढतो, पाण्याचा हंडा भरून ठेवतो आणि वाट पाहतो. तो काही चार मुक्काम उलटा जाऊन, जादा भाड्याची खोली घेऊन, पालखी ऐन भरात असल्याचा दाखला मागत नाही.

दुसऱ्या खेपेला मी लेकीला म्हणालो, "मला शनिवार नको, एक मंगळवार दे."

"बाबा, रजा टाकावी लागेल."

"टाक. अर्धी शुक्रवारची निघायला आणि अर्धी मंगळवारची आंबलेलं अंग सोडवायला, अशी एक तशीही जातेच."

इंग्रजीत झाडाच्या पानांनाही लीव्ज म्हणतात आणि रजांनाही. झाडाच्या मोजता येत नाहीत, जावयांच्या पंधरा, लेकीच्या बारा. त्यातली एक तिनं आम्हाला दिली. जावई कचेरीत गेले, मुलं सकाळी शाळेच्या बसमध्ये चढली, आणि आम्ही तिघं डेलावेअर वॉटर गॅपला गेलो. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्या हद्दीवर डेलावेअर नदीनं अख्खा डोंगर कापून वाट काढली आहे, ती ही जागा. एडिसनहून दीड तास. हजारो एकरांचं हे राष्ट्रीय क्रीडाक्षेत्र आहे आणि आत शिरायला पैसे पडत नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूनं २०९ क्रमांकाचा रस्ता नदीची सोबत करत जातो. पलीकडे जाताना पुलावर टोल लागला. न्यू जर्सीची गंमत अशी, की या नदीवरच्या टोलच्या पुलांवर राज्यातून बाहेर पडायला पैसे पडतात, परत यायला नाही. परत येणाऱ्याला पुरेशी शिक्षा झाली असं समजत असावेत.

मंगळवारी सकाळी दहाला तिथल्या वाहनतळावर आमच्याखेरीज दोन गाड्या होत्या. रंग माथ्यापासून नदीपर्यंत उतरलेला. पाण्यात तो दुसऱ्यांदा दिसत होता, त्याचे वेगळे पैसे नाहीत. हिनं तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि थर्मासमधून चहा आणला होता. खाणं झाल्यावर लेक म्हणाली, "जरा पडते." आणि चटईवर आडवी होऊन तासभर गाढ झोपली. नोकरी, दोन मुलं, दोन्ही घरची म्हातारी माणसं हे सगळं सांभाळणारी बाई कामाच्या दिवशी भर दुपारी झाडाखाली झोपलेली मी अमेरिकेत पहिल्यांदा पाहिली. पानं तिच्या अंगावर पडत होती, ही ती हलकेच वेचून बाजूला ठेवत होती. साडेतीनच्या बसला मुलांना घ्यायला आम्ही वेळेवर हजर. पेट्रोल, टोल आणि येताना कॉफी धरून खर्च तीस डॉलरच्या आत. गुणा खुशाल!

यावर जावई म्हणतात, "पण बाबा, व्हरमाँट ते व्हरमाँट." म्हणू देत. उत्तरेलाच जायचं असेल त्यांनीही जरूर जावं, पण लाल अक्षराचा आठवडा सोडून जावं आणि नावाजलेल्या गावात मुक्काम करू नये. न्यू हॅम्पशरमध्ये लिंकन ते कॉनवे असा चौतीस मैलांचा कँकमागस नावाचा घाटरस्ता आहे. सगळा राष्ट्रीय वनातून जातो. वाटेत पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, त्यामुळे पैसे घालवायची सोयच नाही. शुल्क असलेल्या वाहनतळांवर गाडी उभी करायला दिवसाचे पाच डॉलर. झोपायला तिथून तासभर दूर, जिथे लाकडी छपराचा पूल नाही, सफरचंदांची जत्रा नाही, नुसती गादी आणि गरम पाणी आहे, अशा गावी उतरावं. रंग गाडीच्या काचेतून बघायचा आहे, खोलीच्या खिडकीतून नव्हे. शिवाय एक गोष्ट हॉटेलवाले कधी सांगत नाहीत: मेपलचा बहर ओसरल्यावर ओकची झाडं रंगू लागतात. तांबूस, विटकरी, जुन्या पैठणीच्या काठासारखा रंग असतो त्यांचा. तोवर गर्दी घरी गेलेली असते आणि खोल्यांचे भावही खाली आलेले असतात. पण ओकला कोणी पीक म्हणत नाही. त्याचं नाव तक्त्यात नाही.

आणि चाक हाती घ्यायला कोणी मोकळं नसेल तर? आमच्यासारख्यांना तिथे गाडी चालवता येत नाही, म्हणजे आम्ही घरातल्या फर्निचरपैकी. सुदैवानं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनातून पोकीप्सीला जाणारी आगगाडी आहे. ती जवळजवळ सगळी वाट हडसन नदीला लागून जाते. जाताना डावीकडची खिडकी धरावी. पासष्टीच्या वरच्यांना भाड्यात सवलत आहे. पोकीप्सीला उतरलं की जवळच १८८९ सालचा रेल्वेचा प्रचंड पूल आहे. त्यावरून आता गाड्या जात नाहीत. २००९ पासून तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. सव्वा मैलाहून लांब, नदीच्या खूप उंचावरून, दोन्ही काठांवर रंग, आणि वर जायला पैसे नाहीत. या गाडीचं गर्दीची वेळ सोडून जे स्वस्त तिकीट मिळतं, त्याला रेल्वेच्या भाषेत काय म्हणतात ठाऊक आहे? 'ऑफ-पीक.' मी हा शब्द पाहिला तेव्हा फलाटावरच जावयांना फोन करणार होतो. हिनं फोन काढून घेतला.

आता ज्वारीकडे येतो. पहिल्या खेपेला त्या रांगेत अडकलो असताना रस्त्याकडेच्या जंगलात मला एक दगडी बांध दिसला. गुडघाभर उंच, चुना-माती काही नाही, नुसता रचलेला, झाडांच्या मधून सरळ आत गेलेला. पुढे आणखी एक. घनदाट अरण्यात बांध कोणी आणि कशासाठी घातले असतील? जावयांच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. मी नंतर वाचनालयात बसून माहिती काढली. हे जंगल मुळी पुरातन नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हरमाँटचा बहुतेक भाग उघडाबोडका होता. झाडं तोडून कुरणं केलेली. १८४० साली त्या चिमुकल्या राज्यात माणसं तीन लाखांच्या आत आणि मेंढ्या सोळा लाखांवर, म्हणजे माणशी पाचाहून जास्त! जमीन अशी, की दर हिवाळ्यानंतर तिच्यातून नवे दगड वर येत. ते वेचून शेतकऱ्यांनी हे बांध घातले. साऱ्या न्यू इंग्लंडात मिळून असे बांध दोन लाख चाळीस हजार मैल भरतील असा एक जुना अंदाज आहे. चंद्र इथून साधारण तेवढाच लांब आहे. मग लोकरीचा भाव पडला, पश्चिमेकडे सपाट आणि काळी जमीन मिळू लागली, आणि माणसं दगड तिथेच टाकून निघून गेली. रिकाम्या शेतांत आधी झुडपं आली, मग झाडं. आज व्हरमाँटचा तीनचतुर्थांश भाग जंगल आहे. जी लाल-पिवळी पानं बघायला आम्ही आठ तास रखडलो, ती कोणाच्या तरी हातच्या गेलेल्या शेतात उभी होती. पीक बुडालं, तिथे हे पीक आलं.

तो बांध बघायला कोणी थांबत नव्हतं. त्याला मोसम नाही. पानं गळाल्यावर तर तो जास्त चांगला दिसतो. मी काच खाली करून तो बराच वेळ पाहिला. कोकणातल्या आमच्या आजोळी आगरातला गडगा असाच आहे, आणि आता तिथेही आगरात रान माजलं आहे. माझे मामेभाऊ मुंबईला असतात.

एक बाजू अजून राहिली. आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणारं एक मंडळ आहे. त्यांना मी हे सांगू लागलो की ते म्हणतात, "पिकल्या पानांत काय बघायचं? आपल्याकडे पळस नाही का फुलत?" यांच्याशीही माझं जमत नाही. एक तर यांच्यातल्या एकानंही गेल्या वीस वर्षांत पळस पाहिलेला नाही. आणि दुसरं, पळस हे फूल आहे, यायचं असतं म्हणून आलेलं. पान जाता जाता रंगतं, ही गोष्ट अगदी निराळी आहे, आणि निदान आमच्या बाकावरच्या मंडळींनी तरी ती जरा नीट पाहून घ्यायला हरकत नाही. ती पाहण्याला माझा कधीच विरोध नव्हता. फक्त ती फुकट आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

सध्या परिस्थिती अशी आहे, की अकेडियाची खोली फेब्रुवारीत घेऊन झाली आहे. मात्र या वेळी महिनाभर आधी सांगितलं तर पैसे परत मिळतील अशी अट आहे, आणि हा माझ्या दोन वर्षांच्या प्रचाराचा विजय आहे असं मी समजतो. मी जावयांना लेखी कळवलं आहे: दोनशे डॉलर जादा भरून आम्ही उद्यानात पाऊल टाकणार नाही. तुम्ही चौघं अवश्य जाऊन या, आम्ही घर सांभाळू. आणि नंतरच्या आठवड्यात आम्हाला दोन मंगळवार द्या, एक लेकीचा आणि एक तुमचा. त्यांचं उत्तर आलं, की बाबा, तुमच्याशिवाय जायचं तर मग जायचं कशाला? हा युक्तिवाद अडचणीचा आहे. त्याला अजून मला उत्तर सुचलेलं नाही, पण सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.

हिला विचारलं, तुझं मत काय? ती म्हणाली, "मला अकेडिया चालेल, मंगळवारही चालेल. फक्त पुऱ्या किती करायच्या ते आदल्या दिवशी सांगा. सकाळी उठून कणीक मळायला लावू नका."